तुम्ही इथले कधी झालात?

कोकणातून परत आलं की आमच्या कोल्हापुरात दोनच प्रश्न विचारतात. मासे कुठले खाल्ले आणि आंबे किती आणले. यंदा मी शिमग्याला गेले होते, म्हणजे आंबे अजून झाडावरच, बोटाएवढ्या कैऱ्या. माशांचं पुढं सांगते. पण मला सांगायचंय ते तिसरंच आहे, आणि ते कुणी विचारलं नाही म्हणून लिहायला बसले. घरात सांगायला गेले तर अर्ध्यावर आले की कुणीतरी म्हणतं, चहा टाक.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. पुण्याहून ओळखीच्या एका बाईंचा फोन आला की युगांडाहून एक अभ्यासक येतेय, रत्नागिरी जिल्ह्यात फिरणार आहे, दुभाषी म्हणून येतेस का. मी विषय न विचारताच हो म्हटलं. फुकटात समुद्र बघायला मिळत असेल तर कोल्हापूरकर विषय विचारत बसत नाही.

मिरजोळे

अचेंग मला भेटली ती रत्नागिरीच्या कडेला, मिरजोळ्यात. औद्योगिक वसाहतीजवळच्या एका लॉजवर आमची सोय केली होती. उंच, पन्नाशीला आलेली, केस अगदी बारीक कापलेले, आणि हसायला लागली की शेजारच्या खोलीतला माणूस दार उघडून बघायचा. अशी बाई मला पहिल्या पाच मिनिटांत आवडली. तिचा विषय मात्र आवडला नाही.

विषय असा. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेल्या गरीब देशांत सक्तीनं घरदार सोडावी लागलेली माणसं किती, भारतासारख्या मोठ्या देशात किती, आणि दोन्हीकडं ही मोजणी करतात कशी. मी लगेच सांगून टाकलं, "आमच्याकडं तसलं काही नाही बाई. आमच्याकडं युद्ध नाही, छावण्या नाहीत."

"धरणं आहेत?"

"धरणं आहेत. पण धरणग्रस्तांना जमिनी दिल्या, घरं बांधून दिली."

"म्हणजे मग ते विस्थापित राहिले नाहीत?"

"नाहीत. म्हणजे... आहेत. म्हणजे कागदावर नाहीत."

ती खदाखदा हसली. शेजारचं दार उघडलं. "बघ," ती म्हणाली, "तुला एका मिनिटात तीन उत्तरं देता आली. मी हेच विचारत फिरतेय."

मग तिनं तिचं सांगितलं. ती उत्तर युगांडाची, अचोली लोकांतली. ती तरुण असताना तिकडं वर्षानुवर्षं लढाई चालली होती. सरकारनं खेड्याखेड्यांतल्या लोकांना हुकूम काढून छावण्यांत नेलं. झोपडीला झोपडी लागलेली, आपलं शेत डोळ्यांसमोर दिसतंय पण जायची बंदी. लढाई थांबली, छावण्या बंद झाल्या आणि त्या दिवशी मोजणीतून सगळे गळाले. "पण माझी आई म्हणायची, मी अजून घरी आले नाही," अचेंग म्हणाली. "जुन्या अंगणात पूर्वजांचं देवघर परत मांडेपर्यंत ती स्वतःला घरी आलेली समजत नव्हती. ते मांडायला पुढं कितीतरी वर्षं गेली. कुठल्याही मोजणीत आईची ती वर्षं नाहीत."

म्हणून ती आता माणसं मोजत नव्हती. घरोघर एकच प्रश्न विचारत होती. तुम्ही इथले कधी झालात? तिच्याकडं शेजारच्या देशातून पळून आलेले लाखो लोक आहेत. तिचा देश कर्जात, तरी येणाऱ्या कुटुंबाला जमिनीचा तुकडा देतो. त्या लोकांनाही तिनं हेच विचारलं होतं. कुणी म्हणालं पहिलं पीक आलं तेव्हा, कुणी म्हणालं आमचं माणूस इथं पुरलं तेव्हा.

खरं सांगायचं तर मला वाटलं, कोकणी माणूस हिला एवढं सरळ उत्तर देतोय होय!

आरे-वारे

कामाआधी समुद्र, अशी माझी अट होती. रत्नागिरीहून उत्तरेला किनाऱ्याच्या रस्त्यानं निघालं की एका वळणावर आरे-वारेचे दोन्ही किनारे एकदम पायाखाली येतात. अचेंग गाडीतून उतरली आणि कठड्याशी जाऊन बघतच राहिली. तिच्या देशाला समुद्र नाही. तळं आहे, पलीकडचा काठ न दिसणारं, पण गोड्या पाण्याचं. समुद्र तिनं विमानातून पाहिला होता, हात कधी लावला नव्हता.

खाली वाळूवर पोचलो तशी ती सरळ चालत गेली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि ओंजळ भरून तोंडाला लावली. तळ्याची सवय! पुढच्या क्षणी तिनं अशी पिचकारी मारली की मी बाजूला उडी मारली, आणि त्या गडबडीत माझी नवी चप्पल लाट घेऊन गेली. टोपली घेऊन चाललेली एक कोळीण ओरडली, "ओ बाय, पिऊ नको गो! पोट धरून बसशील!"

मग ती आमच्याजवळ आली. ही कुठली, इकडं काय करते, लग्न झालंय का, सगळी चौकशी झाली. हिच्या देशाला समुद्र नाही म्हटल्यावर तिला खरंच वाईट वाटलं. "समुद्र नाय? मग खातात काय गो?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. अचेंग म्हणाली, तिला सांग, तळ्यात मासे आहेत. कोळणीनं मान हलवली. तळ्यातला मासा म्हणजे तिच्या लेखी मासाच नव्हता. त्या दुपारी आम्ही बांगडा खाल्ला, तळलेला आणि तिरफळ घातलेल्या आमटीतला. मी आमच्या तांबड्या रश्श्याशी कशाची तुलना करत नाही, पण ती आमटी मी दोनदा मागून घेतली. एवढं बास.

सावर्डे

धरणग्रस्तांच्या वाडीवर जायचं तर सावर्ड्याला हायवे सोडायचा. बाजारपेठ छोटी, पण शिमग्यामुळं चाकरमान्यांनी भरलेली. मी नवी चप्पल घेत होते तोवर अचेंग गायब. सापडली ती एका धान्याच्या दुकानात, पोत्यात हात घालून उभी. पोतं नाचणीचं.

"काल," ती म्हणत होती, "हे काल आहे." तिच्या भाषेत नाचणीला तसं म्हणतात. तिच्याकडंही पीठ उकळत्या पाण्यात घोटून घट्ट उकड करतात आणि चिमटीनं तोडून तिळाच्या कालवणाशी खातात. खानावळीत नाचणीची भाकरी आणि ओल्या काजूची उसळ आली तेव्हा तिनं भाकरी हुंगली, डोळे मिटले आणि बराच वेळ खाल्लीच नाही. मला भाकरी गार झालेली बघवत नाही, म्हणून म्हटलं, खा की. तर म्हणाली, छावणीत धान्य म्हणून वाटायचे तो मका असायचा. नाचणी शेतातच राहिली होती.

मी माझी भाकरी खाली ठेवली. मीठभाकर म्हणतो आपण सहज. ज्याची भाकरी बदलते त्याला काय वाटत असेल, हे माझ्या डोक्यात त्या दिवसापर्यंत आलंच नव्हतं.

सड्यावरची वाडी

सावर्ड्याहून आत तासाभराच्या वाटेवर सडा लागतो. सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार, मैलभर जांभ्या दगडाचं, उन्हानं तापलेलं. तिथं ही वाडी. कोकणातली घरं कशी, एक वर, एक खाली, मधे माडाची सावली, एका घरातून दुसऱ्या घरात हाक मारावी लागते. इथं घरं सरळ रांगेत, आमच्या कोल्हापुरातल्या पोलीस लाइनीसारखी. नदीकाठच्या गावाला उचलून इथं ठेवलं त्याला आता तिसरी पिढी आली. कातळावर माती वाहून आणून लोकांनी काजू लावलेत, कलमं लावलीत. माती वाहून आणलीय, डोक्यावरून! मी त्या झाडांखाली वाकून ती माती हातात घेऊन बघितली.

आम्ही उतरलो तात्यांकडं. तात्या म्हणजे देवाचे मानकरी, वाडीत त्यांचा शब्द चालतो. सत्तरीचे, काटक, बोलणं कमी. त्यांच्या वाट्याचं बोलतात त्यांची पत्नी, काकी. काकींनी अचेंगचा हात धरला तो सोडलाच नाही. "बाय, किती लांबसून आलीस गो. बस, पानी पी आदी."

अंगणात मांडव होता, शिमग्याची माणसं जमलेली. अचेंगनं आपला प्रश्न विचारला. तात्या, तुम्ही इथले कधी झालात?

मला वाटलं होतं, आता कुणी सालं सांगेल, कुणी सरकारला शिव्या घालेल. तात्यांनी एका दमात सांगितलं, "पालखी दारात आली तवा."

कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. देव वर्षातून एकदा स्वतः तुमच्या दारात येतो. मुंबईचा माणूस दिवाळीला येणार नाही, पण पालखीला येतो. ही वाडी सड्यावर आली तेव्हा काही वर्षं पालखी निघालीच नव्हती. देव डोक्यावर घेऊन आणला, पत्र्याखाली ठेवला, पण नव्या दारांत जायला देवाला विचारायचं कुणाचं धाडस होईना. शेवटी विचारलं, देवानं होकार दिला. "त्या दिशी मी म्हटलं, आता आमी हितले," काकी म्हणाल्या. "तोवर काय, एस्टीच्या स्टँडवर बसल्यागत व्हतं." आजूबाजूच्या बायका माना हलवत होत्या. सगळ्यांचं उत्तर तेच.

मांडवाच्या खांबाशी एक बाई चहाचे कप गोळा करत होती. चाळिशीची, गोल चेहरा, नऊवारी नव्हे पण साडी इकडच्यासारखीच नेसलेली. अचेंगनं तिलाही विचारलं.

तिनं कप खाली ठेवले. "मी अजून नाय झाले," ती म्हणाली.

मांडवातली सगळी माणसं तिच्याकडं वळली. मला कळेना काय झालं ते. मग काकींनी सांगितलं. ही माया. मूळची नेपाळची. हिचा नवरा धना वरच्या काजूच्या बागेत राखणीला आहे. त्यांच्या डोंगरातल्या गावी नदीनं एका पावसाळ्यात घर, गोठा, खाचरं सगळं ओढून नेलं. कोकणातल्या बागांत नेपाळी राखणदार असतात, तसे ही दोघं इथं आली आणि राहिली. मुलगी इथंच जन्मली, आता नववीला आहे. माया माझ्यापेक्षा चांगलं कोकणी बोलते. वाडीतल्या बाळंतिणींना न्हाऊ घालते, मयताला पहिली धावते. पण बागेतल्या तिच्या घरात पालखी कधी गेली नव्हती. दरवर्षी रांगेतलं शेवटचं घर झालं की पालखी मागं फिरायची आणि माया बागेच्या गडग्याशी, दगडी कुंपणाशी, उभी राहून हात जोडायची.

"मना कोन नाय म्हनलं नाय," माया म्हणाली. "पन ये पन नाय म्हनलं."

अचेंगनं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं. तिचा चेहरा पडला. "मी काय करून ठेवलं हे," ती म्हणाली.

आणि खरंच, आमच्या एका प्रश्नानं त्या संध्याकाळी वाडीत वाद पेटला. तात्यांचा पुतण्या सुरेश मुंबईहून आला होता, त्यानं तोंड उघडलं. मला आधी तो राग आणणारा वाटला. पण त्याचं ऐकून घेतलं तर तोही खोटं बोलत नव्हता. "आमाला हितं आनून टाकलं तवा शेजारच्या गावानं आमाला त्यांच्या देवळात धड उभं केलं नाय. देव आमी पान्यातनं डोक्यावर घेऊन आलो. तेवडा एकच आमचा र्‍हायलाय. तो पन वाटायचा? आज बागेत गेली, उद्या कुठं कुठं न्यायची पालखी?"

धनाला तर हा विषयच नको होता. भला माणूस, हात जोडून म्हणत होता, "राहू द्या तात्या. झाकली मूठ सव्वा लाखाची." तो मायाला बाजूला घेऊन समजावत होता आणि मी जवळच होते, म्हणून ऐकलं. त्याचं म्हणणं, आजपर्यंत कुणी नाही म्हणालेलं नाही. देवाला विचारलं आणि देवच नाही म्हणाला, तर उद्या या लोकांत तोंड कसं दाखवायचं? पोरीनं काय करायचं?

माया म्हणाली, "मंग कळंल तरी. मी किती वर्सं गडग्याशी उभी राहू?"

शेवटी तात्यांनी हात वर केला. ते उठले, खांद्यावरचा टॉवेल झटकला. "उद्या पालखी बसायच्या आदी कौल लावू," म्हणाले. विषय संपला.

कौल

कौल म्हणजे काय ते अचेंगला सांगताना माझी भंबेरी उडाली. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय. डावीकडची पडली तर नाही. मी काही देवभोळी नाही. आमच्या घरी अशा गोष्टीला बोलाफुलाला गाठ म्हणतात. पाकळी सुकली की पडणार, त्यात देव कुठला? असं मी अचेंगला इंग्रजीत बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "आमच्याकडं माणसं कुठं राहतील ते एका ऑफिसरनं ठरवलं होतं. हातात काठी घेऊन. मला पाकळी चालेल."

सकाळचं ऊन देवळात तिरकं आलं होतं. पुरुष पुढं, बाया मागं. माया सगळ्यांत मागं, पोरीचा हात धरून. धना देवळात आलाच नाही, बाहेर कातळावर पाठ करून बसला. गुरवानं पाकळ्या लावल्या. तात्यांनी विचारलं, अगदी साध्या शब्दांत, की बागेतलं घर वाडीचं घर मानायचं का, तुझी पालखी तिथं न्यायची का.

आणि मग काहीच होईना.

दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. मला दोन मिनिटं गप्प राहायचं म्हणजे शिक्षा, पण त्या देवळात पोरंसुद्धा खोकत नव्हती. डावीकडची पाकळी जराशी सरकली. खालचं टोक सुटलं. मी, बोलाफुलाला गाठ म्हणणारी बाई, मनातल्या मनात देवाला दटावत होते, अरे थांब, थांब जरा! मागं वळून बघितलं तर मायाचे डोळे मिटलेले, ओठ घट्ट. तिला ती सरकलेली पाकळी दिसली नव्हती. काकींना दिसली होती. त्यांनी पदर तोंडात धरला होता.

पडली ती उजवीकडची.

"उजवा!" पहिला आवाज सुरेशचा. सगळ्यांच्या आधी तोच ओरडला, आणि मागं वळून, "वैनी, उजवा दिला! डोळं उगड!" काल त्याच तोंडानं तो भांडत होता. मी त्याला मनातून माफ करून टाकलं. माया जागीच बसली, भिंतीला टेकून. पोरगी धावत बाहेर बापाला सांगायला गेली. अचेंगनं माझा दंड इतका आवळला होता की दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथं काळंनिळं होतं.

पाणी

पालखी आधी घरांकडं जात नाही, हे मला माहीत नव्हतं. देवाची रूपं, म्हणजे मुखवटे, बसवून, ढोल-ताशे वाजवत ती निघाली ती सड्याच्या उलट्या अंगाला, उतारानं खाली, धरणाच्या पाण्याकडं.

पाणी उन्हात पसरलेलं, हिरवट, शांत. पालखी काठाशी पाण्याकडं तोंड करून ठेवली आणि वाजंत्री बंद झाली. तात्या पुढं झाले. त्यांनी एकेका घराचं नाव घ्यायला सुरुवात केली, जुन्या गावात वरून खाली नदीपर्यंत घरं होती त्या क्रमानं. नाव आलं की त्या घरचा माणूस पुढं येऊन चिमूटभर गुलाल पाण्यात सोडायचा आणि म्हणायचा, "हाव!" आहोत. काही घरांची माणसं उरली नव्हती. तिथं शेजारचा माणूस पुढं व्हायचा आणि त्यांच्या वतीनं म्हणायचा, "हाव!" एकही नाव उत्तराशिवाय गेलं नाही.

काय सांगू तुम्हाला. पाण्याखाली गाव होतं आणि काठावर त्याची हजेरी चालली होती. मी अंबाबाईचा दसरा बघितलाय, जोतिबाची यात्रा बघितलीय, लाखो माणसांत चेंगरले आहे. पण असा काटा अंगावर कधी आला नव्हता. अचेंग चप्पल काढून उभी होती. ती हळूच म्हणाली, "एवढे देश फिरले. बुडालेल्या घरांना असं विचारणारं कुणी भेटलं नव्हतं." मीही चप्पल काढली.

माया पण आली होती. तिचं घर त्या नावांत असायचं कारणच नव्हतं. ती मागं उभी होती, आणि पाण्याकडं बघत नव्हती.

बागेतलं घर

मग घरं सुरू झाली. दारात सडा-रांगोळी, पालखी आली की सुवासिनी ओटी भरतात, नारळ देतात, आणि तात्या त्या घरासाठी गाऱ्हाणं घालतात. दिवसभर तेच ऐकून मला पाठ झालं. "बा देवा म्हाराजा, ह्या घराच्या दारात आलायस, ह्येंची पोरंबाळं, गुरंढोरं सुखात ठेव." सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" आणि शेवटची ओळ दर घराला तीच, "ह्येंचं जुनं घर पान्याखाली र्‍हायलंय, त्याच्यावर पन नजर ठेव, म्हाराजा." "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं झालं की पोरं पालखी खांद्यावर नाचवतात. अशी नाचवतात की देव पडतोय की काय वाटतं, पण पडत नाही. प्रत्येक दारात खायला. नाही म्हटलं तर राग. चौथ्या घरानंतर मी करंज्या पर्समध्ये टाकायला लागले.

ऊन कललं तेव्हा रांगेतलं शेवटचं घर झालं. दरवर्षी इथून पालखी मागं फिरायची. यंदा ढोल पुढं निघाला, गडग्याच्या खिंडीतून बागेत. वाट अरुंद, काजूच्या फांद्या खाली आलेल्या. पोरांनी पालखी वाकवून, तिरकी करून नेली, आणि सुरेश पुढं फांद्या हातानं वर धरत चालला होता.

मायाचं घर म्हणजे जांभ्याच्या दोन खोल्या, वर कौलं. अंगण शेणानं इतकं गुळगुळीत सारवलं होतं की पाय ठेवायला मन होईना. धना अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, ताठ उभा. माया ओटीचं ताट घेऊन आली. काकी तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या, नव्या सुनेच्या मागं राहतात तशा.

तात्यांनी हात जोडले. दिवसभर बोलून घसा बसलेला. "बा देवा म्हाराजा, ह्या घराच्या दारात पयल्यांदा आलायस. ह्येंची लेक शिकतेय, तिला यश दे. ह्येंची पोरंबाळं, गुरंढोरं सुखात ठेव."

"व्हय म्हाराजा!"

"ह्येंचं जुनं घर पान्याखाली र्‍हायलंय, त्याच्यावर..."

तात्या थांबले. सवयीनं बोलून गेले होते. सबंध दिवस तीच ओळ म्हणत आलेले, जीभ आपली आपण पुढं गेली. त्यांच्या लक्षात आलं की हे घर त्या पाण्याखालचं नव्हे. त्यांनी जीभ चावली. एक-दोन पोरं फिसकन हसली. गुरव म्हणाला, "तात्या, ह्ये आपलं नव्हं..." आणि पुढं बोलायचं तोच थांबला, कारण मायाकडं बघून सगळेच थांबले.

तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. पुसायला हात रिकामा नव्हता. नदीनं नेलेलं तिचं घर, तो गोठा, ती खाचरं, इतक्या वर्षांत त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. कुठल्या सरकारनं नाही, कुठल्या मोजणीनं नाही. आणि आज एका म्हाताऱ्याच्या तोंडून चुकून ते देवापर्यंत पोचलं होतं. ती भरल्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"व्हय म्हाराजा!"

क्षणभर ती एकटीच. मग काकी. मग सुरेश, मग सगळी बाग. "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!" तात्यांनी पुन्हा हात जोडले आणि या वेळी एकेक शब्द सावकाश, समजून उमजून म्हटला, "त्याच्यावर पन नजर ठेव, म्हाराजा. जयसर आसंल तयसर." जिथं असेल तिथं.

अचेंग माझी बाही ओढत होती, काय म्हणाले, काय म्हणाले ते. पोटासाठी शब्द विकणारी बाई मी, पण त्या वेळी कुठलं भाषांतर! मी नुसती रडले, चारचौघांत, तोंड न झाकता. तिनं विचारणं सोडून दिलं. तिला कळलं असावं.

पोरांनी धनाला ओढून पालखीच्या दांड्याखाली घातलं. त्याला नाचवता येत नव्हती, पाय भलतीकडं पडत होते, पालखी भलतीकडं कलत होती आणि सगळे ओरडत होते, "सांबाळ धना, सांबाळ!" तो हसत होता. मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

ढोल परत निघाला. अंगण गुलालानं माखून आणि पायांनी तुडवून निघालं होतं, मगाचं सारवण कुठं दिसत नव्हतं. तात्या गडग्याच्या खिंडीपर्यंत गेले आणि तिथून मागं वळले. मला वाटलं, चुकलो म्हणतील.

"माया," त्यांनी हाक मारली, "पुढल्या साली पालखी सकाळची आनू का सांजची? पोरीची परीक्षा आसंल."

मायानं पदरानं तोंड पुसलं. "कवा पन आना तात्या," ती म्हणाली, "आमी घरातच हाव."